दादाचा सप्लाय उघडला तेव्हा

दादाला करंट लागला, असं वहिनींनी मला फोनवर सांगितलं आणि पुढे कित्येक दिवस आम्ही सगळे तेच धरून बसलो.

माझा दादा आलापल्लीत दुरुस्तीचं दुकान चालवतो. सुरुवात रेडिओपासून झाली होती. आता रेडिओ कोणी आणत नाही, पण बॅटरीवरचे फवारणी पंप येतात, सोलरचे कंदील येतात, इन्व्हर्टर येतात, लग्नाचा हंगाम आला की फुटक्या आवाजाचे अॅम्प्लिफायर येतात. दुकान पुढे, घर मागे. वहिनी अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्या दिवशी दुपारी त्या घरी आल्या तेव्हा दादा स्टुलाखाली आडवा पडलेला होता. टेबलावरचा पॉवर सप्लाय चालू होता, त्याला कुणाचा तरी फवारणी पंप जोडलेला होता, आणि वायरींचे जोड लावायची सोल्डरची गरम कांडी फरशीवर पडून तिथला कागद करपत होता. दादाच्या उजव्या हाताच्या बोटावर भाजल्याची खूण होती.

वहिनींनी आधी मेन स्विच पाडला, मग आरडाओरड केली. शेजारचे धावत आले. दादाचे डोळे उघडे होते, पण तोंडातून शब्द धड निघत नव्हता. बोट भाजलेलं, मशीन चालू, माणूस खाली. पाहणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

आलापल्लीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोटाला मलम लावलं, सलाईन लावली, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी घरी सोडताना ते म्हणाले होते की तोंड जरा वाकडं वाटतं आहे, चंद्रपूरला नेऊन डोक्याची आणि हृदयाची तपासणी करून घ्या. पण सकाळपर्यंत दादाची जीभ थोडी सुटली होती. उजवा हातही थोडा उचलत होता. करंट लागलेला माणूस असाच हळूहळू सुधारतो, असं येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगत होता आणि प्रत्येकाला करंट लागलेला एक तरी माणूस माहीत होता. धान कापणीला आलं होतं, सोबत यायला कोणी मोकळं नव्हतं. चंद्रपूर राहून गेलं.

मी चंद्रपूरला एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. फोनवर मीही विचारलं ते सप्लायबद्दलच. अर्थिंग आहे का, वायर कुठे उघडी पडली आहे का. वहिनी म्हणाल्या की मले त्यातलं काही समजत नाई, पन तो डबा मी घरात ठेवनार नाई.

दिवाळीची सुट्टी लागली तशी मी निघाले. कॉलेजातून परवानगी काढून हाताने फिरवायचा मेगर सोबत घेतला. वायरीवरचं आवरण किती धड आहे हे पाहायचं ते यंत्र. मल्टिमीटर माझा स्वतःचाच होता. गोंडपिपरी, आष्टी करत एसटी आलापल्लीला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. डेपोसमोर सागाच्या लठ्ठ्यांचे ढीग लागले होते आणि त्यांचा तो तुरट वास बसच्या खिडकीतून आत येत होता. एरवी तो वास आला की मला घरी आल्यासारखं वाटतं. त्या दिवशी गाडी थांबायच्या आत मी मेगर घेऊन दाराशी उभी होते.

दादा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. दाढी वाढलेली, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा. मला पाहून हसला. हसू एकाच बाजूला गेलं. मी त्याच्याकडे पाहत राहिले आणि वहिनी माझ्याकडे. त्या पटकन म्हणाल्या की आता पुष्कळ बरं आहे, पहिल्या दिवशी पाहायला पाहिजे होतं.

दुकानाचं शटर तेव्हापासून बंद होतं. सप्लाय वहिनींनी पोत्यात बांधून मागच्या गोठ्यात ठेवला होता. गोठ्यात आता गुरं नाहीत, सरपण असतं. भंगारवाला फिरकला की त्याला देऊन टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. दादा त्यावरून रोज भांडत होता, जेवढं भांडता येत होतं तेवढं. त्याचं म्हणणं एकच होतं की त्या सप्लायशिवाय दुकान चालू शकत नाही, आणि त्यात जे काही बिघडलं असेल ते दुरुस्त होण्यासारखं आहे.

तो सप्लाय त्याला उस्तादांनी दिला होता. तरुणपणी दादा चंद्रपूरला जटपुरा गेटच्या आतल्या एका गल्लीत त्यांच्याकडे रेडिओचं काम शिकला. उस्तादांनी दुकान बंद केलं तेव्हा टेबलावरचा सप्लाय त्यांनी दादाच्या हातात ठेवला. राखाडी पत्र्याचा जड डबा, समोर काट्यांचे दोन मीटर, एक व्होल्टचा आणि एक अँपिअरचा, खाली दोन नॉब आणि लाल-काळी टर्मिनल. भिंतीतली वीज आत घ्यायची आणि नॉब फिरवू तितकी उतरवून बाहेर द्यायची, एवढंच त्याचं काम. बॅटरी नसली तरी पंप चालवून पाहता येतो, सर्किट तपासता येतं. माझं अख्खं शिक्षण त्या डब्याच्या कमाईवर झालं, असं दादा कधी म्हणाला नाही, पण तसं होतं. आमचे वडील तलावावर मासेमारी करायचे. त्यात घर चालायचं, कॉलेज चालण्यासारखं नव्हतं.

जेवणं झाल्यावर दादा मला म्हणाला, "बाई, तू उघडून पाह्य. माझा हात चालून नाई राह्यला, नाई तं मीच पाह्यलं असतं."

शब्द जड होते, पण कळत होते. वहिनी भांडी आवरत होत्या. त्या थांबल्या.

"पाहा," त्या मला म्हणाल्या. "अन् काय बिघडलं ते यायले तुमीच सांगा. माझं तं आयकतच नाईत."

दोघांनाही मी तो डबा उघडायला हवा होता. तेव्हा मला वाटलं की भांडण मिटवायला मी आले आहे. सप्लायमध्ये दोष निघेल, वहिनींचं म्हणणं खरं ठरेल, दादा तो दोष काढायला लावेल, आणि दुकान उघडेल. दोष निघाला पाहिजे, हे तिघांनाही हवं होतं. दोष निघाला असता तर दादाला जे झालं ते बाहेरून आलेलं ठरलं असतं आणि बाहेरच राहिलं असतं.

अंगणात चटई टाकली. पोतं सोडलं. डब्यावर सरपणाचा भुसा आणि कोळ्याची जाळी बसली होती. दादाने खुर्ची जवळ ओढायला सांगितली. झाकणाचे स्क्रू गंजलेले होते. एकाचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं आणि पेचकस त्यावर घसरत होता. दादाने डाव्या हाताने खूण करून सांगितलं की त्यावर जुन्या रबराचा तुकडा ठेव आणि दाबून फिरव. फिरला. झाकण उचललं तशी एक पाल सुळकन बाहेर पडून चुलीकडे पळाली. वहिनी मागे सरकल्या.

आत धुळीचा थर होता. ट्रान्सफॉर्मरच्या कडेला कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं होतं, आता रिकामं. मध्ये तो काळा जड ट्रान्सफॉर्मर, शेजारी मुठीएवढा निळा कंडेन्सर, मागच्या बाजूला पंखांसारख्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यांवर गोल टोपीचे दोन ट्रान्झिस्टर. आजच्या सप्लायमध्ये इतकं वजन आणि इतकी मोकळी जागा नसते. यात सगळं डोळ्यांनी दिसत होतं, वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते बोटाने दाखवता येत होतं. जिथे जिथे दादाने इतक्या वर्षांत काही बदललं होतं तिथे त्याचा सोल्डर ओळखू येत होता. उस्तादांचा सोल्डर जाड आणि गोल, दादाचा बारीक आणि चकचकीत. एक डायोड दुसऱ्याच जातीचा होता. त्याकडे बोट करून दादा म्हणाला की तो एका जुन्या टीव्हीतून काढला होता, पावसाळ्यात चंद्रपूरचा रस्ता बंद होता तेव्हा.

मी आधी ब्रशने धूळ काढली. मग मागच्या बाजूला गेले, कारण माणसाला पाडण्याइतकी वीज त्या डब्यात फक्त तिथेच असते. पुढच्या टर्मिनलवर फार तर तीस व्होल्ट येतात. त्याने चटकाही बसत नाही. भिंतीतली वीज मेन वायरीतून आत शिरते, स्विचला जाते, फ्यूजमधून ट्रान्सफॉर्मरला जाते. तेवढ्या वाटेत ती कुठे पत्र्याला टेकली असेल तरच डब्याला हात लावणारा माणूस पडेल.

मेन वायर जिथे पत्र्याच्या भोकातून आत येत होती तिथे रबराची कडी बसवलेली होती. ती वाळून कडक झाली होती. मी वायर जरा हलवली आणि कडीचा तुकडा तुटून माझ्या हातात आला. त्याखाली वायरीचं बाहेरचं काळं आवरण पत्र्याच्या कडेवर घासून कापलं गेलं होतं.

माझा हात थांबला. वहिनी लगेच वाकल्या.

"हेच ना बाई?" त्या म्हणाल्या. "इथूनच करंट आला ना?"

दादाही पुढे झुकला होता. त्याच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती तिच्यावर मला आनंद दिसला. मला स्वतःलाही तो झाला होता, हे सांगायला हवं. सापडलं, असं मनात म्हणून झालं होतं.

मग मी बाहेरचं आवरण ब्लेडने उभं चिरून मागे सारलं. आत तीन वायरी होत्या, लाल, काळी आणि हिरवी. तिघींच्या अंगावरचं आवरण धड होतं. लालवर एक दाब पडलेली रेघ होती, पण ती नखाने खरवडूनही तांबं दिसत नव्हतं. मी भिंग लावून पाहिलं. दादाने भिंग मागून घेतलं आणि डाव्या हातात धरून स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग परत दिलं.

मेगर काढला. त्याचं एक टोक लाल वायरीला, दुसरं पत्र्याला लावलं आणि दांडा फिरवायला लागले. आवरणात कुठे बारीकशी जरी फट असती तरी काटा खाली आला असता. काटा पार शेवटी, अनंताच्या त्या आडव्या आठच्या खुणेपाशी गेला आणि तिथेच राहिला. काळी वायर लावली, तेच. ट्रान्सफॉर्मरची दोन्ही टोकं सोडवून वेगळी तपासली, तेच. हिरवी वायर पत्र्याला ज्या बोल्टखाली दाबलेली होती तो गंजला होता म्हणून मला पुन्हा जरा आशा वाटली, पण मल्टिमीटर म्हणाला की जोड पक्का आहे.

मी शटर उघडायला लावलं. टेबलाजवळचा प्लग तपासला, त्याचं अर्थिंग तपासलं, दुकानामागची अर्थिंगची खड्ड्यातली सळई पाहिली. दादाने ती स्वतः पुरलेली होती आणि उन्हाळ्यात तिला पाणी घालायचा. सगळं ठीक होतं. फवारणी पंपाला स्वतःची वीज नसते, तरी तोही पाहिला. मग सोल्डरची कांडी. तीही धड. ती हातात धरून मी परत अंगणात आले, दादाचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि बोटावरची खूण पाहिली. वरची खपली पडून गेली होती, खाली गुलाबी कातडी होती. कांडीच्या टोकाचा आकार जसा तिरपा, चपटा असतो तशीच ती खूण होती.

करंट आत शिरल्याची ती खूण नव्हती. पडताना किंवा पडल्यावर गरम कांडी बोटाला टेकली होती. आणि दादा त्याआधीच पडत होता.

तुटलेल्या रबराच्या कडीचा तुकडा चटईवर पडलेला होता. ती कडी बदलायलाच हवी होती, वायरही बदलायला हवी होती. वहिनींना ती दाखवून हो म्हणणं काही अवघड नव्हतं. नवी वायर टाकली असती, दोघं समाधानी झाले असते, आणि मी चंद्रपूरची बस धरली असती. पण दादाचं हसू माझ्यासमोर होतं, एकाच बाजूला जाणारं.

दादानेच विचारलं.

"नाई सापडलं ना?"

"नाही दादा," मी म्हणाले. "वायर बदलावी लागेल, पण वायरीनं काही झालेलं नाही. सप्लायमध्ये दोष नाही. तुला करंट लागलाच नव्हता."

वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पदराने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले.

"म्हंजे दोष यायच्यात हाय," त्या म्हणाल्या. "असंच ना?"

मी म्हणाले की मी डॉक्टर नाही, पण हे डोक्यातलं किंवा हृदयातलं असू शकतं, आणि आपण उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने चंद्रपूरला गेलंच पाहिजे. त्या मध्येच म्हणाल्या की इतकी शिकलेली बाई, इतकी यंत्रं घेऊन आली, आणि एक दोष काढता आला नाही. रागाने म्हणाल्या नाहीत, थकून म्हणाल्या. मग आत गेल्या आणि चुलीत नुसतीच लाकडं सारत राहिल्या.

दादा उघड्या डब्याकडे पाहत बसला होता. थोड्या वेळाने त्याने मला जे सांगितलं ते वहिनींना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात सांगितलं. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून त्याच्या छातीत मधूनच फडफडल्यासारखं व्हायचं. शांत बसला असतानाही. एकदा स्क्रू लावताना पेचकस हातातून गळून पडला होता आणि काही वेळ तो उचलताच आला नव्हता. मग आपोआप हात बरा झाला. त्याने कोणाला सांगितलं नाही. पडला त्या दिवशीही आधी छातीत तसंच फडफडलं होतं, आणि मग उजवा हात टेबलावर असूनही त्याला कळेना की तो आपला आहे.

"मग तू सगळ्यांना करंट लागला म्हणून कसं सांगितलंस?" मी विचारलं.

"मी नाई सांगतलं," तो म्हणाला. "भानावर आलो तं सगळे तेच बोलून राह्यले होते. मले वाट्टलं, असंल. बरं वाट्टलं मले."

त्याने डाव्या हाताने माझा हात धरला. लहानपणी तलावाच्या पाळीवरून चालताना धरायचा तितका घट्ट.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. बसमध्ये वहिनी दादाच्या बाजूला बसल्या होत्या आणि सबंध वाट त्यांनी त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ठेवला होता. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. डॉक्टरांनी मनगट धरल्या धरल्या मान हलवली. ठोके अनियमित होते. डोक्याच्या फोटोत मेंदूच्या डाव्या बाजूला एक छोटा भाग काळवंडलेला दिसला. हृदयात रक्ताची गुठळी तयार होऊन ती वर गेली होती, असं त्यांनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं, आणि औषध सुरू केलं नाही तर पुन्हा होईल, पुढची गुठळी मोठीही असू शकते, हेही सांगितलं. लवकर आला असता तर हात जास्त सुधारला असता का, असं वहिनींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले की आता आलात हे चांगलं झालं. वहिनींनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. डॉक्टरांनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर, दादा आत कुठल्या तरी तपासणीत असताना, वहिनी पहिल्यांदा माझ्याशी धड बोलल्या. त्या म्हणाल्या, "करंट होता तवा मले माहीत होतं, कायपासून यायले दूर ठेवाचं. डबा गोठ्यात नेऊन टाकला, झालं. आता कुठी नेऊन ठेवू मी?"

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

दादाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या आता कायम. जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही, म्हणून वहिनी त्याला विळीला हात लावू देत नाहीत. जीभ जवळजवळ सुटली. उजवा हात खांद्यापासून उचलतो, पण बोटांना बारीक काम जमत नाही. त्याने डाव्या हाताने सोल्डर करायला सुरुवात केली आहे. पहिले जोड बघून तो स्वतःच तोंड फिरवायचा. सप्लायला मी नवी वायर आणि नवी कडी बसवून दिली आणि झाकण लावताना वहिनींना सांगितलं की हा सुरक्षित आहे. त्यांनी मान हलवली. तो दुकानात न्यायला त्यांनी हरकत घेतली नाही. त्यात काही नाही हे त्यांना पटलं होतं, आणि त्याचंच त्यांना दुःख होतं, असं मला वाटलं.

त्यानंतर मी दोनदा जाऊन आले. वहिनी माझं सगळं करतात, आग्रहाने जेवू घालतात, पण पूर्वी माझ्याजवळ बसून करायच्या त्या गप्पा आता होत नाहीत. मी त्या दिवशी हो म्हणायला पाहिजे होतं, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. तसं त्यांना वाटतही नसेल. तरी त्यांच्या घरात ती गोष्ट माझ्या तोंडून आली, हे आमच्या दोघींमध्ये आहे.

मागच्या वेळी मी सकाळीच निघणार होते म्हणून लवकर आंघोळ करून बाहेर आले, तर दादा शटरची किल्ली घेऊन उभा होता आणि वहिनी त्याच्यासमोर. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पुन्हा पक्षाघाताचा झटका आला तर कसा ओळखायचा ते वहिनींना शिकवलं आहे. रोज दुकान उघडण्याआधी त्या दादाला हसायला लावतात, मग दोन्ही हात समोर उचलून धरायला लावतात, मग काहीतरी बोलायला लावतात. रस्त्यावरून एक ओळखीचा माणूस सायकलवर जात होता आणि दादा त्याच्याकडे पाहून ओशाळला होता. तरी त्याने दोन्ही हात वर केले. उजवा थोडा खाली राहिला, रोज राहतो तितकाच. वहिनी त्या हाताकडे निरखून पाहत होत्या, कालच्यापेक्षा आज आणखी खाली तर नाही ना म्हणून.

"बोला आता," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?" दादा म्हणाला. "रोज रोज काय बोलू?"

शब्द स्पष्ट होते. वहिनींनी किल्ली त्याच्या हातून घेतली, वाकून कुलूप काढलं आणि शटर वर ढकललं.